खोबरेल थिजायच्या आत

अन्याय झाला तो डॉ. प्रमिला बोरसे यांच्यावर आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांवर, जिग्नेश आणि फरीदावर. कधी झाला तेही सांगते. प्रमिलाताईंच्या तेराव्याच्या दिवशी, बुधवारी, दुपारी साडेबाराला. सुरतेत लिंबायतला त्यांच्या घरी पंगत बसली होती, माणसांनी गोडाचा पहिला घास घेतला होता, आणि विद्यापीठाचा शिपाई सायकल दारात तशीच आडवी टाकून आत आला. फरीदाच्या पानाशी वाकून म्हणाला, "बेन, लॅबने ताळुं मारी दीधुं. साहेबे जाते मार्युं." विभागाच्या साहेबांनी स्वतःच्या हाताने ताईंच्या प्रयोगशाळेला कुलूप लावलं होतं. तेराव्याच्या दिवशी. निदान चौदावा उजाडू द्यायचा! कोणतं विद्यापीठ, कोण साहेब, हे मी मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं. या पुरवणीच्या संपादकांनी हात जोडले, "बाई, नावं गाळा." गाळली. वाचणाऱ्यांपैकी एकाला तरी माहीत आहेत, आणि तो एक म्हणजे साहेब.

ताई गेल्या त्या शुक्रवारी सकाळी. गॅसवर चहा ठेवला, खुर्चीत बसल्या, आणि चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत... हृदयाचं काहीतरी, डॉक्टर म्हणाले. आमच्या गल्लीतल्या पीसीओवाल्याने मला हाक मारून बोलावलं. फोनवर जिग्नेश होता, "ताई... ताई..." एवढंच म्हणत होता. मला वाटलं, हा पुन्हा चक्कर येऊन पडला. कारण जिग्नेशचं तसंच होतं, रक्त बघितलं की तो आडवा व्हायचा. रक्त तपासायचं उपकरण बनवणारा संशोधक, आणि रक्ताला घाबरणारा! ताई म्हणायच्या, "याला पीएचडी मिळेल तेव्हा पदवी झोपवूनच द्यावी लागेल."

ताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. प्लेग येऊन गेल्यानंतर शहर झाडूनपुसून लख्ख झालं होतं आणि जो तो उठून कामगारांच्या वस्तीत काही ना काही तपासायला येत होता. रक्त न्यायचे आणि परत तोंड दाखवायचे नाहीत. मी तेव्हा आमच्या कामगार आरोग्य समितीची पत्रकं लिहायचे (अजूनही लिहिते). ऐकलं की विद्यापीठातल्या कोणी बाई ऊसतोड कामगारांचं रक्त घ्यायला चलथाणकडे जाणार आहेत. झालं. एका संध्याकाळी पत्रक लिहिलं, "विद्वानांनो, गरिबाचं रक्त फुकटात पडलेलं नाही!", आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच फाटकावर वाटायला उभी राहिले. एक ठेंगणी, सुती साडीतली बाई आली, तिने पत्रक घेतलं, तिथेच फाटकाला टेकून शेवटपर्यंत वाचलं आणि मला विचारलं, "तू कोनी पोर व?" कोणाची पोर गं तू... भर विद्यापीठाच्या दारात, शुद्ध अहिराणीत! मी अंमळनेरकडच्या माझ्या बापाचं नाव सांगितलं. तशी म्हणाली, "मग आपलीच आहेस की. माझे वडीलही तिकडूनच इथे कापडाच्या लूमवर आले. चल वर, चहा घे. पत्रक चांगलं आहे, फक्त शिव्या कमी पडल्यात."

मी त्या पत्रकातला एक शब्दही आजतागायत मागे घेतलेला नाही. घ्यायची वेळच आली नाही, कारण ताईंनी चहा संपायच्या आत त्यावरून नियम करून टाकला. "पहिला थेंब आपला." कुठल्याही वस्तीवर, ऊसतोड्यांच्या मुक्कामाच्या कुठल्याही पडावावर, लोकांच्या बोटाला सुई लावण्याआधी आमच्यातल्या प्रत्येकाने सगळ्यांसमोर स्वतःचं बोट टोचून घ्यायचं. आधी ताई, मग फरीदा, मग जिग्नेश, तोही खाली बसवून. "आणि तूही," त्या मला म्हणाल्या, "नुसती पत्रकं वाटून चालणार नाही, पत्रकबाई." तेव्हापासून मी त्यांच्या गटात. शिक्षण बी.ए., तेही कसंबसं. पण बोट होतं, तेवढं पुरे झालं.

आता उपकरण काय होतं ते सांगते, कारण कुलूप त्यालाच लागलंय. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार असतो. आईबापांकडून येतो. त्यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि माणूस हाडं मोडल्यासारखा कळवळतो. डांगातून, खानदेशच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला येणाऱ्या लोकांमध्ये हा आजार दिसतो. ताईंचा विचार साधा होता. केसाहून बारीक अशी कृत्रिम नस बनवायची, तिच्यात औषध मिसळलेला रक्ताचा थेंब सोडायचा, आणि भिंगातून बघायचं, धावतो की अडतो. पेटीत मावेल, उसाच्या फडात नेता येईल असं. परदेशात अशा नळ्या काचेत कोरायला लागणारी यंत्रं ताईंनी फक्त चित्रात पाहिली होती. ती इथे कोण देणार? पण सुरत आहे ही! जिग्नेशच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जरीचं काम. त्याच्या काकांच्या कारखान्यात चांदीची तार खेचून खेचून इतकी बारीक करायचे की हातात धरली तरी दिसायची नाही. ती तार ताणून तिच्याभोवती पातळ रबर ओतायचं, रबर घट्ट झालं की तार हलकेच ओढून काढायची. आत राहिली ती नस. तार सुटावी म्हणून तिला आधी खोबरेल तेलाचं बोट लावायचं, आणि नंतर साबणाच्या पाण्याने नळी धुऊन काढायची. बाहेर दारावर विद्यापीठाने मोठ्या हौसेने पाटी लावलेली, "सूक्ष्म उपकरणे व नॅनो तंत्रज्ञान गट", आणि आत टेबलावर खोबरेलाची निळी बाटली. जिग्नेश सारखा नॅनो-नॅनो करायचा. ताई म्हणायच्या, "अरे, आधी केसाएवढं तर जमू दे. मग केसाची साल काढू."

आणि एका जानेवारीत ती बाटलीच आमच्यावर उलटली. साहेब आणि बाहेरगावचे दोन प्राध्यापक उपकरण बघायला येणार होते. पुढचं काम चालू ठेवायचं की नाही ते त्यांच्याच हातात. जिग्नेशने आदल्या दिवशी तारा ओढल्या, आणि नळ्या सकाळी धुऊ म्हणून तशाच ठेवल्या. सकाळी सुरतेत क्वचित पडते तशी थंडी. खोबरेल थिजून पांढरंफेक! एकाही नळीतून पाणी पुढे सरकेना. हीटर नाही, गरम पाण्याची सोय नाही, आणि मोटार फाटकातून आत आलेली. ताई शांतपणे म्हणाल्या, "काखेत धरा." काय? "काखेत. माणसाची काख नेहमी गरम असते. धरा म्हणते ना!" साहेब पाहुण्यांना घेऊन आत आले तेव्हा आम्ही चौघं भिंतीशी ओळीत, दोन्ही हात अंगाला घट्ट चिकटवून, जखडल्यासारखे उभे.

"आ शुं छे, बेन?" साहेबांनी विचारलं.

"उपकरण गरम होतंय, साहेब."

"हीटर कुठे आहे?"

"हे काय, चार उभे आहेत समोर. साहेब, एक नळी शिल्लक आहे. तुमचा हात रिकामा आहे ना?"

फरीदाने ओढणी तोंडात कोंबली. जिग्नेश छताकडे बघायला लागला. आणि साहेबांनी, होय, याच साहेबांनी, कोटाचं बटण काढून ती नळी काखेत धरली! मग पाहुण्यांनीही आमच्याकडून एकेक मागून घेतली. पाव तासाने तेल वितळलं, फरीदाने पटापट नळ्या धुतल्या, ताईंनी बोट टोचलं आणि त्यांच्या रक्ताचा लाल धागा नळीतून सरसर धावत गेला. बाहेरगावचे प्राध्यापक भिंगावरून उठेनात. सगळ्यांत खूश साहेब होते. वर्षभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की त्यांची नळी सगळ्यांत आधी वितळली. जिग्नेश मागून पुटपुटायचा, "गरम मगजना छे ने..." डोकं गरम आहे ना साहेबांचं!

पण हसण्यासाठी हे काम नव्हतं. चलथाणकडच्या एका पडावावर कमळीबाई भेटली, उसाच्या पाचटाच्या झोपडीपुढे, मांडीवर दहाएक वर्षांचा मुलगा. पोरगा दर दोन-चार दिवसांनी हातपाय धरून ओरडायचा आणि मुकादम त्याला नाटकी म्हणायचा. नाटक्याची आई म्हणून तिलाही बोलणी. "हाऊ पोऱ्या खोटं बोलस का, माय?" तिने ताईंना विचारलं. म्हणजे स्वतःच्या पोरावरचा विश्वासही तिचा ढळला होता, इतकं तिला लोकांनी ऐकवलं होतं. ताईंनी आपलं बोट टोचलं, फरीदाने टोचलं, जिग्नेशने डोळे मिटून टोचून घेतलं आणि तो माझ्या खांद्यावर आला. पोरगा इतका हसला की त्याचं बोट कधी टोचलं त्याला कळलंच नाही. ताईंनी भिंगातून बघितलं. मग कमळीबाईला बघायला लावलं. एका नळीत ताईंचं रक्त धावत होतं, शेजारच्या नळीत पोराचं अर्ध्यावर येऊन थांबलं होतं.

"बघ, खोटं नाही बोलत पोरगा. त्याच्या अंगात हे असं अडकतं, म्हणून ओरडतो. आता दवाखान्यात पक्की तपासणी करून घेऊ. मी येते बरोबर."

मुकादम मागे घड्याळ बघत उभा. "बेन, टाइम खोटी थाय छे." वेळ फुकट जातोय म्हणे. ताईंनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला भिंगापुढे बसवलं. "बस. तूही बघ. आणि मग सांग कोण नाटकी." त्याने बघितलं. उठला आणि कमळीबाईला त्या दिवशीची सुट्टी दिली. ती पोराला कुरवाळत परत परत तेच म्हणत होती, "खोटं नई बोलस मना पोऱ्या..." दवाखान्यात आजार पक्का ठरला. गोळ्या सुरू झाल्या, पाणी भरपूर पाजायचं, थंडीत पोराला कामाला न्यायचं नाही, हे आईला कळलं. आजार बरा झाला नाही, तो होत नसतो. पण पोरगा खरा ठरला.

परतताना ताई टेम्पोत मागे बसून गाणी म्हणत होत्या, बेसूर. "यंदा एक पडाव झाला," त्या म्हणाल्या, "पुढच्या हंगामाला सगळे करू." तो पुढचा हंगाम आता सुरू होतोय. दिवाळी झाली, गाड्या भरून माणसं येताहेत, पाचटाच्या झोपड्या उभ्या राहताहेत. कमळीबाईने परवा निरोप पाठवला की तिच्या पडावावर आणखी तीन आया पोरांना घेऊन वाट बघताहेत. आणि साचे, तारा, भिंग, सगळं कुलपाच्या आत.

साहेबांचं म्हणणं असं की खोलीत कॉम्प्युटरचा वर्ग काढायचाय, त्याला मागणी आहे. शिवाय "मार्गदर्शकच राहिल्या नाहीत, तर गट कसला?" मी समोरच विचारलं, साहेब, तुमच्या काखेतली नळी विसरलात का? त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "प्रमिलाबेन फार मोठ्या होत्या. त्यांचा फोटो लावू आपण वर्गात." फोटो! ज्या बाईने आयुष्यभर भिंतीला टेकायला फुरसत घेतली नाही तिला भिंतीवर टांगणार, आणि तिची पोरं व्हरांड्यात! मग मात्र हळूच म्हणाले, "लोकांची मागणी असेल तर... विचार करता येईल." हे वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं, शिपायाच्या समोर. शिपाई म्हणाला, "में सांभळ्युं, बेन." ऐकलं त्याने.

परवा आम्ही तिघं त्या खोलीच्या मागच्या खिडकीशी गेलो होतो. गजांतून आतलं दिसतं. ताईंचं उंच स्टूल, त्याच्यावर त्यांनी बसायला ठेवलेली घरची जुनी उशी, टेबलावर तार ताणायची चौकट, आणि निळी बाटली. झाकण उघडंच. ताई कधीच झाकण लावत नसत, फरीदा रोज त्यावरून बोलायची. ऊन बाटलीवर पडलं होतं, आत तेल अजून पातळ होतं, हलकं पिवळसर. फरीदा म्हणाली, "झाकण कोण लावणार आता?" तोवर जिग्नेशने हिशेब केला होता. हे तेल थिजायला लागलं की समजायचं थंडी आली, आणि थंडीतच पडावावरची ती पोरं सगळ्यांत जास्त कळवळतात.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते. हा लेख वाचून हळहळू नका. ताईंना हळहळ आवडायची नाही. येत्या सोमवारी सकाळी अकराला विद्यापीठाच्या फाटकाशी या. उधन्याहून या, पांडेसऱ्याहून या, लूमची पाळी बदलून या. तयार नळ्यांची एक पेटी त्या बुधवारी फरीदाच्या घरी होती म्हणून वाचली, ती आम्ही आणणार आहोत. साहेबांना मागणी हवी आहे ना? तुमचं एक बोट पुढे करा आणि दुसऱ्या हाताने कुलपाकडे दाखवा. मात्र नियम तोच, पहिला थेंब आपला. ताई नाहीत, तेव्हा सगळ्यांत आधी जिग्नेश टोचून घेणार आहे. उभ्याने, म्हणतो, ताईंसाठी.

तो पडणार. त्याला धरायला या.