पेडलवरचा पाय

आमच्या स्टुडिओत गाणी कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात. स्टुडिओ कसला, तळोद्याच्या बाजारात कापड दुकानावरची एक खोली. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, एक कम्प्युटर आणि मी. खालच्या दुकानाचे शेठ हे माझे घरमालक. आणि कीबोर्ड वाजवायला येतात ते अण्णा. लग्नाच्या बँडगाडीवर अण्णांनी उभा जन्म काढला, आणि तोही उभ्यानेच. खापरपासून धडगावपर्यंत त्यांच्या सुरांवर न नाचलेली वरात सापडायची नाही.

यंदा मात्र अण्णांच्या जागेवर गदा आली. बँडच्या मालकांचं म्हणणं, अण्णांचा हात हल्ली मागे पडतो, आता गाडीवर त्यांचा भाचा जगदीश उभा करू. अण्णा पेटले. शेवटी असं ठरलं, की दोघांनी माझ्याकडे एकच धून रेकॉर्ड करायची. ज्याची बरोबर बसेल, तो लग्नसराईत गाडीवर. अण्णा सरावाला यायला लागले आणि किस्से साचायला लागले.

*

पहिल्याच दिवशी अण्णांनी बँडचा कीबोर्ड आणून कम्प्युटरला जोडला. अण्णा वाजवतायत, स्क्रीनवर पट्ट्या उमटतायत, पण कम्प्युटरचा स्पीकर गप्प! मी सॉफ्टवेअरमध्ये वाद्यच निवडलं नव्हतं. अण्णा वायर झटकत म्हणाले, "सूर वायरमा अटकना."

मी समजावलं, की या वायरमधून आवाज जात नाही. कुठली पट्टी, कधी आणि किती जोरात दाबली, एवढंच जातं. अण्णांना ते पटेना. दारात शेठ उभे होते. ते म्हणाले, "अण्णा, वायरमधून फक्त ऑर्डर जाते. माल यांच्या गोडाऊनमधून निघतो." तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो.

*

मग शेठनाही भजन रेकॉर्ड करायची हुक्की आली. शेठ गातात काळी दोनमध्ये आणि अण्णांची बोटं चालतात फक्त काळी एकमध्ये. बँडवाल्यांकडे यावर एक तोड असते. कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण दाबायचं, म्हणजे बोटं जागेवर आणि सूर वर.

गाताना कीबोर्डचाच आवाज कानात होता, त्यामुळे भजन झकास झालं. परत लावलं तर शेठ एका सुरात आणि संगीत दुसऱ्याच! त्या बटणाची खबर कम्प्युटरपर्यंत गेलीच नव्हती. शेठनी मात्र दोष दिला आदल्या दिवशीच्या कैरीच्या लोणच्याला. दुकानात बसून नुसतं गरम पाणी प्यायला लागले, गिऱ्हाइकाशीही खुणेनं बोलत.

खरं कारण सापडल्यावर मी त्यांची हात जोडून माफी मागितली. शेठनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते, "म्हणजे लोणचं खाल्लं तर चालेल?"

*

स्क्रीनवर अण्णांचा प्रत्येक सूर सगळ्यात वरच्या जोराचा दिसायचा. मी म्हटलं, अण्णा, जरा हलक्या हातानं, इथे गाडीवरचा जनरेटर धडधडत नाही. अण्णा म्हणाले, "मंग नवरदेवले ऐकू कसं येई?"

*

पेडलनं तर कहर केला. पेडल म्हणजे पायाशी असतं ते, दाबलं की सूर लांबतो आणि सोडलं की थांबतो. अण्णांचं उलटं व्हायला लागलं. पाय उचलला की सूर थांबायचं नावच घेईना. बाहेर गाडीचा हॉर्न अडकलाय असं समजून शेठ रस्त्यावर जाऊन भांडून आले.

मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, वायर बदलली. मी वाजवलं की ठीक, अण्णा आले की पुन्हा तेच. शेवटी मी अण्णांकडेच बघत बसलो. ते आले, पेडलवर पाय ठेवला आणि मग स्विच दाबला. चालू होताना पेडल दाबलेलं असलं, तर कीबोर्डला वाटतं हीच त्याची मोकळी अवस्था.

"अण्णा, आधीच पाय का ठेवता?"

"गाडी चालू व्हयनी की पेडल घसरी जास ना."

*

मग जगदीश सरावाला आला. त्याचा प्रत्येक सूर तालाच्या मागे पडला. अण्णा खुशीत म्हणाले, "मशीन कधी खोटं बोलत नही."

त्यानंतर अण्णांनी वाजवलं. तेही तितकंच मागे! अण्णा म्हणाले, "तुन्हं मशीन बिघडनं शे." पण आवाजात जोर नव्हता आणि ते स्वतःचीच बोटं चोळत होते. मला फार वाईट वाटलं.

मी हट्टानं सेटिंग तपासत बसलो. मशीनच बिघडलेलं निघालं. कम्प्युटर प्रत्येक सूर क्षणभर अडवून मग नोंदत होता. ते सुधारलं आणि दोघांनी पुन्हा वाजवलं. आता दोघेही तालात, अगदी नेमके. डावं-उजवं करायला जागाच उरली नाही.

*

निकालाच्या दिवशी मालक खुर्चीत बसले. अण्णांनी आधी वाजवलं, एक सूर हलला नाही. मालकांनी मान डोलावली आणि जगदीशला हाक मारली.

अण्णांनी कीबोर्ड बंद करून जागा सोडली. भाच्याच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"जग्या, घाबरू नको. पहिले पेडलवर पाय ठेव, मंग स्विच दाब."

जगदीश गुणाचा पोरगा. त्यानं मामाचं ऐकलं.