कुत्र्याचा उपास

आमचा कुत्रा तरुणपणी भुंकला की रायपुरातल्या तेलीबांध्याच्या तलावात लाटा उठायच्या. नव्या राजधानीतल्या भल्याभल्यांना मी हे सांगितलंय आणि अजून एकानंही तलावावर जाऊन खात्री केलेली नाही, तेव्हा ते खरं धरायला हरकत नसावी. पण हाच कुत्रा म्हातारपणी मागचे पाय ओढत सरपटू लागला, तेव्हा माझी वाढवून सांगायची बुद्धीच बंद पडली. दोन्ही खुबे झिजले होते. सकाळी मी डोळ्यांच्या आधी कान उघडायचो. फरशीवर त्याची नखं वाजतात, की नुसतंच घासटण्याचा आवाज येतो?

गोळ्या संपल्या, मालिश संपलं. मग जनावरांच्या डॉक्टरांनी स्टेम सेलचा उपाय सुचवला. त्याला बेशुद्ध करायचं, त्याच्याच पोटाची थोडी चरबी काढायची, प्रयोगशाळेत तिच्यातल्या नव्यानं घडू शकणाऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्या खुब्यात टोचायच्या. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि या वयात खरी भीती बेशुद्धीचीच.

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ही बातमी पसरली. शेजारच्या भैयांनी विचारलं, "सेलवर चालणार म्हणता? टॉर्चचे की घड्याळाचे?" मी म्हटलं, एवढ्या कुत्र्याला ट्रकचीच बॅटरी लागते. ते हसले, मीही हसलो. घरात आलो आणि कुत्र्याशेजारी फरशीवर बसून राहिलो.

चरबी काढायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आईला मुद्दाम साध्या शब्दांत बजावलं, "माताजी, आज रात से इसका उपवास." आईचा जन्म रायपुरातच गेला, हिंदी तिला माझ्याहून बरी येते. ती म्हणाली, "हव."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी ताप पाहिला, छातीला नळी लावली आणि विचारलं, उपवास रखा ना? आई म्हणाली, "हव, मैंने भी रखा है." डॉक्टरांना फार कौतुक वाटलं. कुत्र्याला आत नेलं, दार लागलं.

बाहेरच्या बाकावर मला बसवेना. भिंतीवरच्या तक्त्यातल्या कुत्र्यांच्या जाती मी सुलट-उलट पाठ केल्या. हा उठलाच नाही तर? आईनं माझी बाही ओढून खाली बसवलं.

"काहून घाबरून राहिला? उपास कडक झाला त्याचा. सकाळी दोघांनी मिळून उसळ खाल्ली."

"कसली उसळ?"

"साबुदाण्याची. मंग उपासाले काय वरण-भात देतात?"

बाहेरच्यांना हे समजावणं कठीण आहे. एकादशी, दुप्पट खाशी, हा आमच्या घरचा कायदा. आमच्या एका एकादशीत पंडरीच्या कापड बाजारातले सगळे हमाल जेवून उठतील. उपासाला उपाशी राहायचं असतं, ही कल्पना आमच्याकडे कुणाच्या मनातही आलेली नाही.

मी दार ढकलून आत घुसलो. कुत्र्याच्या पुढच्या पायावरचे केस भादरून झाले होते, सुई हातात तयार होती. मी ओरडलो, याच्या पोटात साबुदाणा आहे. डॉक्टर आधी माझ्याकडे, मग दारात उभ्या आईकडे बघत राहिले. सुई ट्रेमध्ये ठेवून हळूच म्हणाले, "भैया, बेहोशी में उल्टी होती तो सीधे फेफड़े में जाती." उलटी, थेट फुप्फुसात. मग त्यांनी पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

परतताना ऑटोत आई कुत्र्याला टेकून बसली. तिचा हात कुत्र्याच्या पाठीवर होता आणि तो कुत्रा, अख्ख्या रायपुरातला एकमेव उपासकरी, समाधानानं ढेकर देत होता. गोल बाजार मागे पडल्यावर ती म्हणाली, "मी मारलाच असता न रे त्याले?"

जन्मभर खोटं बोललो, पण एवढं सफाईनं कधी जमलं नव्हतं. "छे. हे डॉक्टर जरा भित्रेच आहेत."

तिनं ते ऐकलं. मानलं नसावं.

पुढच्या वेळी तिनं स्वयंपाकघराला कडी घातली आणि तो शुद्धीवर येईपर्यंत स्वतः पाण्याचा घोटही घेतला नाही. तो उठला. पेशी तयार होऊन आल्या, खुब्यात टोचून झाल्या. मग सुरू झालं नुसतं वाट पाहणं. सकाळी कान उघडायचे. घासटणं. परत घासटणं. एके दिवशी मधेच एक नख वाजल्यासारखं वाटलं. मी आईला सांगितलं नाही. माझ्या सांगण्यावर मलाच भरवसा नव्हता.

मग एका संध्याकाळी तलावाच्या कडेला आम्ही त्याला हळूहळू चालवत होतो. कुणाची तरी चकचकीत पांढरी गाडी उभी होती. तिच्या चाकाशी तो थांबला, हुंगलं आणि मागचा एक पाय उचलला. वर्षभर हे काम तो बसूनच करत आला होता. सांगताना मी तो पाय दरवेळी वीतभर वर नेतो. त्या दिवशी तो जमिनीपासून जेमतेम चार बोटं होता. टेकलेला दुसरा पाय लटलट कापत होता. मी त्याला सावरायला वाकलो, तर आईनं माझं मनगट धरलं.

"राहू दे. करू दे त्याले."

काम व्हायला युग लागलं. तो डावीकडे झुकला, आईची बोटं माझ्या मनगटात रुतली. तो परत सरळ झाला. मग त्यानं पाय खाली ठेवला आणि लंगडत पुढच्या गाडीकडे निघाला.