बस्त्यावदादाने नाकारलेले रबर

बस्त्यावदादा गेल्याचे मला गॅरेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळले. फुलांच्या चौकटीत त्याचा फोटो, खाली मॅनेजरने लिहिलेले ‘आमचा आधारस्तंभ हरपला’, आणि त्याखाली हात जोडलेल्या खुणांची रांग. वीस मिनिटांनी त्याच मॅनेजरचा त्याच ग्रुपवर दुसरा मेसेज : ‘त्याच्या टूलबॉक्सची चावी कोणाकडे आहे?’ मला किळस आली. फोन उलटा ठेवून मी स्टोअरच्या बाकावर बसून राहिलो. या गोष्टीला सहा आठवडे झाले, पण ती किळस अजून गेलेली नाही... आणि ती सगळी काही मॅनेजरमुळे नाही.

बस्त्याव डाबरे वसईचा. ओमानमधल्या सीबच्या आमच्या गॅरेजमध्ये तो सव्वीस वर्षे होता, मी अकरा वर्षे. तो मिस्त्री, मी पार्ट्सच्या स्टोअरचा माणूस, मूळचा चिपळूणचा. जवळच्या अल हैलला आमच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या. कुठलाही पार्ट हातात घेतला की तो आधी त्याचा वास घ्यायचा. मी हसायचो. तो म्हणायचा, “तू लेबल वाच, बाबा. मी माल वाचतो.”

गेल्या वर्षी खमीसभाई हा ओमानी गिऱ्हाईक त्याच्या वडिलांची जुनी अमेरिकन गाडी घेऊन आला. लांब नाक, दोनच दारे, आणि बोनेटखाली ट्रक ओढेल असे इंजिन. अशा गाडीचा सांगाडा खाली वेगळा असतो आणि वरची बॉडी रबराच्या जाड बुशांवर बसवलेली असते. पन्नास वर्षांच्या उन्हाने ते बुश खारकेसारखे सुकले होते. बस्त्यावदादाने ते एकेक काढले, वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, प्रत्येकाची उंची मोजली. मग खमीसला हिंदीत विचारले, “गाडी चलाने का है, या दिखाने का?” खमीस म्हणाला, “माँ को निझवा लेके जाना है.” आई ऐंशीच्या पुढची, पाठ दुखरी, आणि नवऱ्याच्या गाडीतून एकदा माहेरी जायचे तिच्या मनात होते. तिथेच निवड झाली. शर्यतवाले लावतात ते लाल, कडक बुश नकोत, त्यांतून रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीत जातो. अस्सल रबरच हवे, आणि जागेप्रमाणे वेगवेगळ्या उंचीचे. ते बाहेरून यायला दोन महिने लागणार होते. खमीस म्हणाला, “इन्शाल्ला, रुकेंगे.”

मॅनेजरला मात्र थांबायचे नव्हते. जुन्या गाड्यांचे प्रदर्शन जवळ आले होते, तिथे गॅरेजच्या पाटीशेजारी ही गाडी उभी करायची होती. मॅनेजर आपलाच, मराठी माणूस. त्याने मला बाजारातून ‘तसेच दिसणारे’ बुश आणायला सांगितले, आणि मी आणले. सगळे एकाच उंचीचे, वरून काळे चकचकीत. बस्त्यावदादाने एक उचलला, हुंगला, नखाने दाबला. कडेचा तुकडा भुगा होऊन हातात आला. तो बाजूला जाऊन थुंकला. “ह्याला रबर म्हणतोस? मेलेल्या उंदरासारखा वास येतो. मी हे लावणार नाही.”

त्याने नाही लावले. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, तो चर्चला गेला असताना मॅनेजरने दुसऱ्या दोघांकडून ते बसवून घेतले. स्टोअरमधून काढून मीच दिले. मॅनेजर “यल्ला, यल्ला” अशी घाई करत डोक्यावर उभा होता, असे मी पुढे कित्येकदा स्वतःला सांगितले.

प्रदर्शनात गाडीचे फोटो निघाले. मग खमीस आईला घेऊन निझव्याला निघाला. अर्ध्या वाटेत ते बुश चेपून बॉडी एका बाजूला बसली, आईच्या बाजूचे दार अडकले, म्हातारीला दुसऱ्या बाजूने ओढून काढावे लागले. खमीस संतापून गॅरेजमध्ये आला, तेव्हा मॅनेजरने बस्त्यावदादाकडे बोट दाखवले. “मिस्त्री बुड्ढा हो गया है, भाई. गलती हो गई.” दादाने माझ्याकडे पाहिले. मी... मी रॅकवरची खोकी सरळ करत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून त्याला ऑइल बदलायच्या खड्ड्यात उतरवले. तिथे तो चार महिने राहिला. माझ्याशी बोलायचा, पण कामापुरते. एका सकाळी खोलीतून बाहेर आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. शोकसभेत मॅनेजर ‘निष्ठा’ या शब्दावर गहिवरला. मी उठून बाहेर गेलो.

दादाच्या बायकोने, पास्कीनवहिनींनी, वसईहून फोन करून खोली आवरायला सांगितली. पलंगाखाली एक जड खोके निघाले. आत अस्सल रबराच्या बुशांचा पूर्ण संच. त्या चार महिन्यांत त्याने तो परदेशातल्या पुतण्याकडून गुपचूप मागवला होता. प्रत्येक बुशाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, मराठीत, शाळेतल्या मुलासारख्या टपोऱ्या अक्षरात.

खोके घेऊन मी खमीसच्या घरी गेलो आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले. कोणी आणले, कोणी दिले, कोण गप्प बसले. त्याने मला आत बोलावले नाही. एक चिठ्ठी उलटसुलट करून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, “पढ.”

गाडी त्याच्या अंगणातच होती. त्याने ओळखीचा एक मिस्त्री आणला. ते जॅकवर फळी ठेवून एकेक बाजू उचलत होते आणि मी वाचून हिंदीत सांगत होतो. ‘पुढचा, ड्रायव्हरकडचा. जाड बाजू वर.’ ‘मधला. हा सगळ्यात बुटका, घाबरू नको.’ ‘मागचा. बोल्ट एकदम पिळू नको, रबराला बसू दे.’ दादा चार महिने माझ्याशी इतके बोलला नव्हता.

संध्याकाळी खमीसने आईच्या बाजूचे दार लावले. ते एका बोटाने लागले. म्हातारी ओट्यावरून बघत होती. मी चिठ्ठ्या गोळा करू लागलो, तर खमीसने हात पुढे केला आणि त्या स्वतःकडे घेतल्या.

“ये सब तू उसके सामने बोलता,” तो म्हणाला, “तो वो सुन लेता.”