मागच्या वर्षीचा स्कॅन कावून नाही भेटला?

मंडळी, आज डोकं लय तापलं हाय.

मी अमरावतीच्या एका स्कॅन सेंटरमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. सकाळी धारणीकडच्या एका गावातून सुगंधाबाई आल्या. पोटातली गाठ वाढली का, हे समजाले डॉक्टरले मागच्या वर्षीचा स्कॅन पाह्यजे होता. त्यायची फिल्म पावसात भिजली, म्हणून मी क्लाउडवर शोधला. तर स्क्रीनवर आलं, फाईल बाहेर यायले बारा तास लागतीन!

कावून? तर खर्च वाचवाले आमच्या सायबानं नियम लावला: वर्षभर जे कोणी उघडलं नाही, ते सगळ्यात स्वस्त स्टोरेजमध्ये टाका. तिथं ठेवाले पैसे कमी, पण काढाले वेळ लागते.

सायबाले फोन केला. म्हणे, "जुना डेटा रोज कोण पाह्यते? उद्या बोलवा त्यायले."

उद्या! जीप अन् दोन बस बदलून आलेल्या बाईले हे कोणत्या तोंडानं सांगू?

सांगतलं शेवटी. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टरनंच वर्षानं ये म्हणलं होतं. मी तर बराबर आली."

अरे, डॉक्टर वर्षानं बोलावते, अन् आमचा नियम वर्षानंच तिची फाईल दूर नेऊन टाकते! अन् तो नियम सिस्टीममध्ये मीच टाकला होता, एक शब्द न इचारता.

तुमच्या हापिसात तरी कोणी इचारते काय, की ही जुनी फाईल परत कोणाले लागन?

सुगंधाबाई समोरच्या बाकावर बसल्या हायेत. फाईल अजून येऊनच राहिली.