दुधाच्या कपारीखालची चूल

मी तिसरीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. पण कोथिंबीर कधी उपटायची, झेंडूला पाणी कधी तोडायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि कुणी शिकवू लागलं तर मी ऐकूनही घेतलं नाही. घरात माझाच शब्द चालायचा. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू, थोडा अजून आहे.

नाशिकच्या पश्चिमेला एका दरीत कपारी आहेत. डोंगर सगळा काळ्या दगडाचा, पण तेवढ्या ठिकाणी चुनखडीची पांढरी शीर आहे. कपारीच्या छताला गाईच्या सडासारखे पांढरे सड लोंबतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळतं. लोखंड ठाऊक नव्हतं त्या काळी तिथं माणसं राहायची म्हणे. कॉलेजचे सर येऊन त्यांच्या दगडी हत्यारांचे तुकडे वेचून नेतात. आम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या लेखी ती दुधाची कपार. बाळंतिणीला दूध उतरलं नाही की तिथल्या देवीला नवस बोलायचा आणि दूध आलं की पोराचं जावळ तिथं काढायचं. नैवेद्याचा गोड भात घरून न्यायचा नाही. देवीच्या समोर चूल मांडून शिजवायचा.

नव्वदच्या पुढचं साल होतं. मला नातू झाला आणि सुनेला दूध येईना. माझ्या बायकोनं नवस बोलला. आठव्या दिवशी दूध आलं.

फाल्गुनात आम्ही निघालो. नाशिकच्या द्वारका चौकातून जीप केली आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. मी, बायको, मुलगा, सून, सुनेचा भाऊ आणि गावचा न्हावी. जावळाला मामाची मांडी लागते म्हणून भाऊ. पुढं दीड कोस पायवाट. ओढ्याच्या कडेनं पळस असा फुलला होता की दरीला कुणी निखारे लावल्यासारखं वाटत होतं. करवंदीला पांढरी फुलं. बायको नातवाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढं चालत होती. सून म्हणाली, "आत्याबाई, द्या माझ्याकडं, दमाल." तर म्हणते कशी, "तू दूध दिलंस ना, मग चालायचं काम माझं."

कपारीशी पोचलो. मुलगा आणि सून हंडा घेऊन ओढ्यावर पाण्याला उतरले. न्हाव्यानं वस्तरा काढला, मामा मांडी घालून बसला. मी तीन दगड मांडले, माझ्या वडिलांनी मांडले होते त्याच जागी, बरोबर कपारीच्या तोंडाशी.

तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक डोंगरातली बाई वाटेनं आली. थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, हितं चूल नको मांडू. वर बघ."

मी वर बघितलं. कड्याला आग्या मोहोळाची सुपाएवढी चार पोळी लटकली होती.

"आमचा देव हाय," मी म्हणालो. "आम्हाला नको शिकवू."

"शिकवीत नाय. सांगते." मोळी सावरून ती पुढं निघून गेली.

मामा आणि न्हावी आत होते, नातू रडत होता, त्यांना हे ऐकू गेलं नाही. माझ्या बायकोनं ऐकलं. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आवं, ओढ्याकडं मांडू ना चूल. देवी काय आंधळी हाय का? तिला तिथून दिसंल."

"माझ्या बापानं हितं मांडली."

"तवा वर पोळी होती का?"

बायको असं विचारू लागली की मला राग यायचा. वडील बांधावरच्या बोरीतलं पोळं ओल्या गोवरीच्या धुरानं झाडायचे. धूर दिला की माशी पळते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण ती माशी लहान. तिची न् आग्याची काय बरोबरी. मी म्हणालो, "बघ आता कशी उठवतो." आणि कपारीशेजारच्या झुडपाची ओली फांदी तोडून, पाल्यासकट, मुद्दाम चुलीत सारली. धूर सरळ कड्याला लागला.

माशा उठल्या, पण पळाल्या नाहीत. वरून काहीतरी ओतावं तशा खाली आल्या. न्हावी पळाला, मामा पोराला टाकून पळाला, आणि मीही पळालो. हो, मी पळालो. ओढ्यात जाऊन पालथा पडलो. बायको कपारीच्या कोपऱ्यात गेली, नातवाला पोटाशी धरलं, लुगड्याचा सगळा घोळ त्याच्यावर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

तीच बाई दोन गड्यांना घेऊन ओली घोंगडी पांघरून आली. नातवाला एक डंख होता, कानाच्या पाळीला. माझ्या बायकोच्या पाठीवरचे डंख मोजण्यासारखे राहिले नव्हते. घोंगडीची झोळी करून तिला खाली आणली. त्याच पळसाखालून. पायथ्याच्या अलीकडंच बायको गेली. ती बाई माझ्याकडं बघत होती. मग गड्यांना घेऊन डोंगरात परत गेली.

नातवाचं अर्धं डोकं भादरलेलं, अर्धं तसंच. न्हावी म्हणाला, देवीचं अर्धं राहिलंय, मी वस्तरा लावणार नाही. शेवटी सुनेनं कात्रीनं कापलं.

गावाला मी सांगितलं, लाकूड ओलं निघालं. लोक म्हणाले, दैव. मुलगा दर वर्षी आईच्या श्राद्धाला माझ्या पाठीवर हात ठेवायचा. "आबा, तुमचा काय दोष? लाकूडच ओलं." मी मान हलवायचो. दहा वर्षं हलवली.

मग नातू पाचवीत गेला. एका दुपारी जेवताना म्हणाला, "आबा, आमची सहल जाणार, जुन्या गुहा बघायला. आता चांगली पायवाट केलीय तिथं. गुरुजी म्हणाले, गुहेपाशीच चूल मांडून खिचडी करू."

गुहा म्हणजे ती दुधाची कपारच. मी हातातला घास ताटात ठेवला. मुलगा समोरच बसला होता. मी म्हणालो, "तिथं चूल मांडायची नाही. वर आग्या असतो."

"तेव्हा कुणाला ठाऊक होतं, आबा," मुलगा म्हणाला.

"मला होतं. एका बाईनं सांगितलं होतं."

सुनेच्या हातात भाकरी तशीच राहिली.

"आणि लाकूड?" मुलानं विचारलं.

"मी ओलं घातलं. मुद्दाम. माशा उठवायला."

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आईला ठाऊक होतं?"

"होतं. ओढ्याकडं मांडू म्हणाली."

तो उठला, हात धुतला आणि मळ्यात गेला. ताटात भाकरी अर्धी होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. तिसरी सोडल्यापासून पहिल्यांदा. गुरुजींना उभ्यानं सगळं सांगितलं, फांदीसकट. पोरांची खिचडी ओढ्याकाठी शिजली. नातू धड परत आला.

त्या फाल्गुनात बायकोचं श्राद्ध झालं. मुलानं पिंड ठेवले, कावळा शिवायची वाट बघत आम्ही शेजारी उभे राहिलो. मी पाठ थोडी वाकवली होती, सवयीनं. त्यानं हात ठेवला नाही.