नळाचं पाणी

"घ्या भाऊ, नळाचं पाणी!"

असं म्हणून बाई लघवीची बाटली माझ्या टेबलावर ठेवायच्या. तीही टक्क आवाज होईल अशी, बाकावरचे सगळे बघत असताना. खरं तर त्या महिन्याला रक्तातलं मीठ तपासायला यायच्या. लघवी कुणी मागितलेली नसायची. ती खास माझ्यासाठी असायची.

सेनगावात स्टँडजवळ माझी छोटी लॅब आहे. बाई साखऱ्याकडच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवायच्या. उंच, हडकुळ्या, आणि खांद्याला पाण्याचं पाच लिटरचं कॅन. जीपवाला म्हणायचा, "बाई, कॅन मांडीवर घ्या, सीट भरली." त्यांच्या लघवीसाठी वाटेत दोनदा जीप थांबवावी लागायची, तेव्हा मात्र तो बडबडायचा.

सारखी तहान, सारखी लघवी म्हणून डॉक्टरांनी पहिल्यांदा पाठवलं, तेव्हा त्यांचा नमुना अगदी नितळ होता. रंग नाही, वास नाही, साखर नाही. आमच्या धंद्यात हे नवं नसतं. लघवी होत नसली की लोक खुशाल नळाखाली बाटली धरतात. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, लेकरांना शिकवता आणि नळाचं पाणी आणून देता?"

"नळाचं न्हाई भाऊ, माझंच हाय. पुन्ना देते. पाहिजे तं कुणालाबी दाराशी उभं करा."

मी त्यांचं ऐकलं नाही. क्रिएटिनिन लघवीत असतंच, नळाच्या पाण्यात नसतं; त्याची तपासणी लावली असती तर दहा मिनिटांत खरं-खोटं झालं असतं. मी रिपोर्टवर लाल पेनानं लिहिलं, 'नमुन्यात पाणी मिसळलेले आहे', आणि खाली सही ठोकली.

त्या एका ओळीवर त्यांच्या डॉक्टरांनी निदान करून टाकलं. नाटक आहे, पाण्याची सवय लागली आहे, पाणी तोडा. सासूनं रांजणाच्या खोलीला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी बाई बैलांच्या हौदाला तोंड लावून पाणी पिताना सापडल्या. तिथूनही लोकांनी ओढून आणलं आणि संध्याकाळी त्या बेशुद्ध पडल्या.

नांदेडच्या एका दवाखान्यात त्यांचं म्हणणं पहिल्यांदा कुणी खरं धरलं. सावरल्यावर तिथंही पाणी बंद केलंच, पण डॉक्टर उशाशी बसून. तासातासाला वजन, तासातासाला लघवीचं माप. थेंब पोटात नसताना लघवी नितळच. मग एक इंजेक्शन दिलं आणि ती पिवळी झाली. मेंदूचा एमआरआय काढला, तर मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा देठ सुजून जाड झालेला. अंगातलं पाणी राखायचा निरोप त्याच देठातून उतरतो, तो उतरतच नव्हता. छातीतही एक गाठ सापडली, ती तपासली तेव्हा टीबी निघाला. देठातही तोच बसला होता. टीबीचा कोर्स झाला आणि तहानेची गोळी जन्माची लागली. गोळी घेऊनही जुन्या सवयीनं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं, फिट येते. म्हणून ती महिन्याची तपासणी.

ती त्यांना हिंगोलीतही करता आली असती. त्या माझ्याकडेच आल्या, माझा तो रिपोर्ट लॅमिनेट करून.

"देठ नासला तं वांगं गळतं, हे माझ्या अंगणवाडीतल्या लेकराला कळतं. तुमाला काहून न्हाई कळलं, भाऊ?"

मी हात जोडून माफी मागितली.

"माफी ऱ्हाऊ द्या. रक्त घ्या."

मग दर महिन्याला ती पिवळीधमक बाटली आणि तेच वाक्य. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? चूक आपली असली की माणसाला जरा जास्तच राग येतो.

एकदा बाजाराच्या दिवशी लॅब गच्च भरलेली असताना बाईंनी दोन बाटल्या ठेवल्या. दोन्ही नितळ.

"एक नळाची, एक माझी. वळखा."

मी उजेडात धरून पाहिल्या, हलवून पाहिल्या. शेवटी वास घेतला, तेव्हा बाकावरची एक म्हातारी फिस्सकन हसली. ओळखता येईना. मान खाली घालून तपासणी लावली आणि दहा मिनिटांनी बोट दाखवलं.

"इतकंच काम व्हतं," बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. बाईंचे ओठ सुकले होते, कॅन रिकामं होतं.

"बाई, गोळी?"

"कालपासून घेतली न्हाई. तुमच्यासाठी."

"अहो, जिवाशी खेळता का?"

"तुमी खेळलात ते बराबर व्हतं?"

गोळी घ्यायला लावली, माझ्या माठातलं पाणी दिलं. पाच तांबे प्यायल्या. सहावा मीच अडवला, तर ऐकलं त्यांनी. त्या दिवशी मला त्यांची फार माया वाटली. त्यांना माझी वाटली असेल असं म्हणवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या कायमच्या लेकीकडे पुण्याला निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी पिशवीतून हातोडी आणि खिळा घेऊन आल्या. माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीत स्वतः खिळा ठोकला आणि तो रिपोर्ट टांगला.

"बाई, आता तरी माफ करा."

"न्हाई," त्या म्हणाल्या. कागद जरा वाकडा होता, तो सरळ केला. "माफ केलं तं तुमी इसरून जाताल."

परवा एका कॉलेजच्या पोरीचा नमुना असाच नितळ आला. लाल पेन उचललं, समोर माझंच अक्षर दिसलं. पेन ठेवून तपासणी लावली.

नळाचं पाणीच होतं. बाई असत्या तर पोट धरधरून हसल्या असत्या. मी पोरीला काही बोललो नाही. दुसरी बाटली दिली आणि माठातलं तांब्याभर पाणी प्यायला दिलं.