टोक नसलेला त्रिकोण

वयाच्या बासष्टाव्या वर्षी लिंबाजी शाळेत बसला. म्हणजे तशी ती शाळा नव्हती, अंगणवाडी होती, आणि पटावर नाव नातीचं होतं; पण रोज सकाळी दहाला आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसायचा तो लिंबाजीच. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. सेनगावच्या अलीकडच्या त्या गावात पारावरच्या लोकांना त्या दिवाळीत दुसरा विषयच नव्हता. ग्यानबा न्हावी त्याला हटकायचा, की लिंबाजी, दाढी गुळगुळीत करून देतो, नाहीतर बाई वर्गात घ्यायच्या नाहीत. लिंबाजी चिडायचा नाही. यंदा पहिला नंबर आपलाच, असं तोच उलट सगळ्यांना सांगत सुटायचा.

नातीचं नाव म्हाळसा. घरात आजी बनाबाई आधीच होती, त्यात नातीचं नाव हे ठेवलं. बारशाला लोक म्हणाले, लिंबाजी, खंडोबाच्या दोन्ही बायका एका घरात आणल्यास, आता तू भंडारा उधळत बस. पण दोघींचं बरं जमलं. जमलं नाही ते म्हाळसाचं आणि बाकीच्या जगाचं. पोरगी जन्मली ती वाशीमकडच्या एका शेतात, खतासाठी मेंढरं बसवली होती तिथल्या घोंगडीच्या पालात. पंधराव्या दिवशी ती घोडीवरच्या बिऱ्हाडात बसून पुढच्या गावाला निघाली. पायावर उभी राहिली तशी तिनं आजोबाच्या धोतराचा सोगा मुठीत धरला. आईचं दूध सुटलं, सोगा काही सुटला नाही. चार वर्षांची झाली तरी आबा उठले की ती उठायची, आबा बसले की ती बसायची.

अशा पोरीला अंगणवाडीत घालायचं खूळ लिंबाजीच्या डोक्यात शिरलं ते एका बाटलीमुळे. जनावरांच्या दवाखान्यातून त्यानं दोन बाटल्या आणल्या होत्या, एक जंतासाठी पाजायची आणि एक गोचिडासाठी अंगाला लावायची. बाटल्या सारख्या, झाकणं सारखी. घरी येईस्तोवर कोणती कशाची ते विसरला. दोन्हींवर बराबर छापलेलं होतं, पण छापलेलं वाचणार कोण? स्वतः लिंबाजी शाळेच्या वाटेला कधी गेला नव्हता, मुलगा हनुमान दुसरीतच मेंढरांमागं लागला होता. लिंबाजीनं दोन्हींचा वास घेतला, मनाशी ठरवलं आणि नेमकी चुकीची पाजली. एक मेंढी तीन दिवस पडून राहिली. वाचली, पण त्या तीन दिवसांत लिंबाजी तिच्या उशाशी बसून एकच म्हणत होता, की ह्या घरात एक तरी वाचणारं माणूस पाहिजे.

हनुमानानं ऐकलं, पण अट घातली. दरवर्षी तुळशीचं लग्न लागलं की त्यांची मेंढरं कनेरगाव नाक्यावरून वाशीमकडं निघायची, ती परत यायची पावसाच्या तोंडावर. बनाबाईचे गुडघे गेले होते, ती यंदा गावातच राहणार होती. पोरगी तिच्याजवळ राहिली आणि अंगणवाडीत रमली तर रमली. पण लिंबाजी निघाल्यावर ती रडून जीव काढणार असेल, तर तिला घोडीवर बसवायचं. एकदा बसवली की मग दरवर्षी बसायची, हे सांगायला कुणी नको होतं. लिंबाजीनं कबूल केलं. त्याच्या हातात वीस दिवस होते.

पहिले काही दिवस तो आत बसला म्हणून ती आत बसली. अंजलीताई सेनगावची, तेवीस वर्षांची, नुकतीच लागलेली. तिनं आधी भुवया चढवल्या, मग म्हाताऱ्याला सतरंजीचा कोपरा दिला. खिचडी शिजवणाऱ्या भागूबाईला मात्र ते पसंत नव्हतं. लेकरांबरोबर म्हातारे पोसायचं तिच्या कामात लिहिलेलं नाही, असं ती पातेल्याला सांगायची. आणि ताटं वाढताना लिंबाजीपुढेही एक ठेवायची.

त्या आठवड्यात ताईनं आकार शिकवायला घेतले. भिंतीवर तक्ता होता, पण तक्त्याकडं बघून पोरं जांभया द्यायला लागली, तेव्हा तिनं तो गुंडाळून ठेवला. घरोघरच्या वस्तू मागवल्या. बांगड्या आल्या, ताटल्या आल्या, कुणी रेडिओचा रिकामा डबा आणला. फरशीवर खडूनं मोठाले आकार काढून दिले आणि त्या रेघेवर चिंचोके मांडायला लावले. चिकणमातीचे गोळे थापून आकार करायला लावले. लिंबाजी हे सगळं डोळे मोठे करून बघायचा, आणि कुणाचा चिंचोका रेघ सोडून गेला की लांबूनच जीभ टाळ्याला लावून चक् करायचा.

म्हाळसाचा गोल पहिल्या झटक्यात आला. हे काय, असं ताईनं विचारलं तर ती म्हणाली, वाडा. मेंढरांचा वाडा तिला माहीत, गोल हा शब्द नवा. चौकोन आला, ती म्हणाली, बाज. ताईला गंमत वाटली. पण त्रिकोणापाशी गाडी अडली. एका रेघेवर ती चिंचोके नीट मांडत यायची आणि टोक जवळ आलं की आतल्या आत वळायची. दुसऱ्या रेघेवरून यायची, पुन्हा टोक सोडून वळायची. तिन्ही टोकं मोकळी. ताईनं तिचं बोट धरून टोकापर्यंत नेलं, तर तिनं हात ओढून घेतला. मातीचा त्रिकोण करून दिला, तर तिनं अंगठ्यानं तिन्ही टोकं दाबून टाकली. भाकरीचा चतकोर दिला, तर आधी टोक खाल्लं आणि मग उरलेला ताटात ठेवला.

चार दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी ताई लिंबाजीजवळ येऊन हळूच म्हणाली, की आबा, बाकीची लेकरं करतात, हिला जरा वेळ लागेल असं दिसतंय. काही काही मुलांना लागतो. लिंबाजीच्या हातातला घास तसाच राहिला. पोरीला समज कमी आहे, हे ताई किती जपून सांगत होती ते त्याला कळलं. त्यानं एकदा फरशीवरच्या त्या चिंचोक्यांकडं बघितलं आणि मग त्याला सगळंच कळलं.

"बाई, तिला येत न्हाई असं न्हाई," तो म्हणाला. "तुमच्या आधी त्रिकोण मीच शिकवून बसलोय. आन् तो असा शिकवलाय."

मग त्यानं मागच्या हिवाळ्यातलं सांगितलं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं एका शेतात मेंढरं बसवायची होती. मेंढरांभोवती दोरीचं जाळं उभं करतात, त्याला वाघर म्हणतात. ती नेहमी गोल लावायची, हे बापानं शिकवलेलं. त्या दिवशी लिंबाजी थकला होता. दोन बांध एकमेकांना येऊन भिडत होते, त्यानं विचार केला, दोन बाजू आयत्याच आहेत, तिसऱ्या बाजूला वाघर ओढली की झालं. झाला तिकोनी वाडा. सकाळी रस्त्यावर एका ट्रकचं टायर फुटलं. कळप बिचकला आणि सगळा त्या अरुंद टोकात घुसला. मोठी मेंढरं बाहेर आली, खाली दोन कोकरं राहिली. त्यातलं एक म्हाळसाचं होतं, पांढरंफेक, ती त्याला बोंडी म्हणायची. तिनं ते स्वतः बघितलं. त्यानंतर वर्षभर, ज्या ज्या शेतात वाघर लावली, त्या त्या शेतात लिंबाजी दोरी ताणताना स्वतःलाच बजावल्यासारखा बोलायचा, की टोक ठेवायचं न्हाई, टोकात लेकरू दबतं. सोगा धरून जे पोरगं शेजारी उभं होतं, ते ऐकत होतं.

अंजलीताईनं फरशीवरचे ते चिंचोके पुन्हा एकदा बघितले. मग म्हणाली, की चूक नाहीच तिची. धडा पाठ आहे तिचा.

आता तो धडा सोडवायचा कसा? ताईला वाटलं, खेळातून जाईल. सोमवारी तिनं अंगणात लांब दोरी आणली, टोकं बांधली. पोरांनी दोरी धरून गोल केला, अर्धी पोरं आत मेंढरं होऊन बें बें करत नाचली. मग तिघांनी तीन कोपऱ्यांत ताणून त्रिकोण केला. तीच दोरी, पण जागा कमी पडली. पोरं एकमेकांवर रेलली, हसली, कोपऱ्यात गर्दी झाली. म्हाळसानं जी किंकाळी मारली ती भागूबाईनं चुलीपाशी ऐकली. पोरगी धावत आत शिरली, कोपऱ्यातल्या लहान्या पोराला हाताला धरून ओढून बाहेर काढलं आणि तिथून जी लिंबाजीच्या मांडीत घुसली ती घरी जाईपर्यंत बाहेर निघाली नाही. मंगळवारी ती अंगणवाडीच्या वाटेलाच येईना. हनुमान घोडीचं खोगीर दुरुस्त करत बसला होता. तो बापाला म्हणाला, की बाबा, काहून तकलीफ देऊन राहिले लेकराला, चला घेऊन. शुक्रवारी निघायचं होतं.

संध्याकाळभर लिंबाजी अंगणात बिऱ्हाड बांधत होता. काठ्या, दोऱ्या, घोंगड्या. बांधता बांधता एका जागी थांबला आणि बांधलेलं पुन्हा सोडायला लागला. बनाबाई म्हणाली, म्हाताऱ्याला चळ लागला.

बुधवारी तो दोन उभ्या काठ्यांच्या जोड्या, एक आडवी काठी आणि घोंगडी खांद्यावर टाकून निघाला. कुठं चाललाय ते सांगितलं नाही, तेव्हा सोग्याला लागलेली पोरगी मागोमाग गेलीच. अंगणवाडीच्या अंगणात त्यानं काठ्यांच्या जोड्या तिरप्या रोवल्या, वर एकमेकींना बांधल्या, आडवी काठी टाकली, वरून घोंगडी सोडली. पाल उभं राहिलं. म्हाळसाच्या जन्मापासूनचं घर. ती ताबडतोब आत जाऊन बसली.

लिंबाजीनं तिला बाहेर बोलावलं आणि पालाच्या तोंडाशी उभं केलं. तिचा हात धरून एका काठीवरून वर नेला, दुसरीवरून खाली आणला, मग जमिनीवरून परत पहिल्या काठीशी. ताई बाजूला उभी राहून बघत होती. शिकवायचं काम तिनं त्या दिवशी त्याच्यावर सोडलं होतं.

"हे टोक हाय," म्हाळसा वर बोट करून म्हणाली. आवाजात तक्रार होती.

"व्हय. तीन हायेत."

"मंग?"

"मंग पाऊस आला की पाणी कुठून जातंय? ह्या टोकावरून दोन्ही अंगाला घसरतंय. इथं सपाट असतं तर रातभर तुझ्या डोक्यावर गळलं असतं. तू जन्मलीस ती ह्या टोकाखाली. मी तुला म्हणलो टोक वाईट, ते अर्धंच सांगितलं. माझी चूक झाली."

आजोबा कुणापुढं चूक कबूल करतोय हे म्हाळसानं पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग पालाकडं. खाली वाकून जमिनीजवळच्या दोन कोपऱ्यांत हात घालून बघितला, काही दबलंय का म्हणून. एक काडेपेटी सापडली, ती बाजूला ठेवली. पुन्हा उभी राहून स्वतःच हात काठीवरून वर नेला, टोकाशी तिचा हात पुरेना, तर ताईला म्हणाली, उचला. ताईनं उचललं. तिनं टोकाची गाठ मुठीत धरली आणि निकाल दिला.

"मेंढरांना टोक न्हाई. माणसांना टोक."

पोरं वाटच बघत होती. सगळी पालात घुसली. म्हाळसा दाराशी उभी राहून एकेकाला आत सोडत होती, कोपऱ्यात कुणाला बसू देत नव्हती, लहान्याला मधोमध बसवत होती. शेवटी लिंबाजी वाकून आत शिरायला गेला, तर तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला.

"तुमी न्हाई. तुमचे पाय बाहेर राहतेत."

भागूबाईनं पदराआड हसू दाबलं. लिंबाजी मागं सरला. सोगा मोकळा होता. केव्हा सुटला ते त्याला कळलं नव्हतं. तो लिंबाखाली जाऊन बसला. आता येईल, मग येईल, असं म्हणत बसला. खिचडीची ताटं पालात गेली आणि रिकामी होऊन आली. तो उठून रस्त्यापर्यंत गेला, परत आला. आत ताईनं प्रत्येकाला चिंचोके दिले होते, पोरं जमिनीवर पालाचं तोंड मांडत होती. म्हाळसाच्या पालाला तीन टोकं होती. एका टोकाशी एकच चिंचोका कमी होता, तो तिनं शेजारणीच्या ढिगातून उचलून लावला आणि त्यावरून दोघींची मारामारी झाली. ताई म्हणाली, आबा, आता जा तुम्ही घरी. तो गेला, आणि त्या दुपारी पारावर त्यानं ही हकिकत पाच वेळा सांगितली, ग्यानबा न्हाव्याला दोनदा.

शुक्रवारी मेंढरं निघाली. रस्ता अंगणवाडीवरूनच जातो. हनुमान पुढं, त्याची बायको घोडीचा लगाम धरून, लिंबाजी कळपाच्या कडेला. बें बें ऐकून पोरं दारात आली. सगळ्यांच्या पुढं म्हाळसा. तिच्या आईनं घोडी थांबवली. येते का, असं विचारण्याइतकी ती थांबली होती, पण विचारलं नाही. लिंबाजीनंही नाही. तो चालता चालता थबकला, इतकंच.

म्हाळसा रस्त्याच्या कडेपर्यंत आली. ताईनं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं राहू दिला.

"आबा, नाक्यापाशी त्या बांधाजवळ बसवू नका."

"न्हाई बसवत," लिंबाजी म्हणाला.

ती तशीच उभी राहिली. लिंबाजी पुढं निघाला. मागं वळून बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, वळला की ती धावत सुटेल म्हणून. ओढा ओलांडेपर्यंत निभावलं. मग वळलाच. शेवटच्या दोन-चार मेंढ्या अजून अंगणवाडीसमोरून येत होत्या, एक तर दाराशीच कुंपणाचा पाला ओढत होती. दारात कोणी नव्हतं. आत टाळ्या वाजत होत्या, एकदम आणि एका तालात, आणि त्यातली तिची कोणती, हे इतक्या लांबून त्याला ओळखता आलं नाही.